पिकअप कॅम्परमध्ये राहायचं तर आधी वजनाचा हिशेब

पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर घेऊन अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पालथी घालायची, असं ठरलं की बहुतेक लोक आधी कॅम्पर पसंत करतात आणि तो आपल्या गाडीला पेलेल का, हे नंतर बघतात. क्रम याच्या उलट हवा. गाडी किती किलो उचलू शकते, हा आकडा आधी हातात घ्या. पलंग, फ्रिज, पाण्याची टाकी, बॅटऱ्या हे सगळं त्या आकड्यात बसवायचं आहे.

हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. प्रवासी आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन, हे तिथल्या स्टिकरवर छापलेलं असतं आणि ते त्याच गाडीपुरतं खरं असतं. त्याच मॉडेलची, पण मोठी केबिन किंवा फोर-बाय-फोर असलेली गाडी दोनशे किलो कमी उचलू शकते, म्हणून जाहिरातीतला आकडा धरू नका. जड पिकअपवर हा स्टिकर नसेल, तर इंधनाची टाकी भरून रिकामी गाडी काट्यावर न्या आणि गाडीच्या कमाल एकूण वजनातून काट्याचा आकडा वजा करा. त्याच चौकटीवर मागच्या एक्सलची वेगळी मर्यादाही लिहिलेली असते. कॅम्परचा बहुतेक भार मागेच येतो, त्यामुळे अनेकदा हीच मर्यादा आधी ओलांडली जाते.

आता कॅम्परची बाजू. माहितीपत्रकात ‘कोरडं वजन’ दिलेलं असतं. त्यात पाणी, गॅस, बॅटऱ्या, वरून बसवलेला एसी, भांडीकुंडी, कपडे यांतलं काहीही धरलेलं नसतं. एक हिशेब करून पाहू. गाडीची क्षमता 1750 किलो आणि कॅम्परचं कोरडं वजन 1180 किलो. म्हणजे 570 किलोची सवड आहे असं वाटतं. त्यात 110 लिटर पाण्याचे 110 किलो, दोन भरलेल्या गॅस सिलिंडरचे 34, दोन लिथियम बॅटऱ्यांचे 24, एसी आणि छपराच्या कनातीचे 70, दोन माणसांचे 150, किराणा-कपडे-भांडी-अंथरुणाचे 180, हत्यारं-खुर्च्या-दोरखंडाचे 60 मिळवा. बेरीज 1808 होते. मागचा फाळका काढून ठेवला तर साधारण 30 किलो वाचतात, तरी गाडी मर्यादेच्या वर 28 किलो आहे. टाकी भरून न नेता 40 लिटर पाणी घेऊन निघालात, तर 1708 वर येता. ही सवड फारच थोडी आहे. कमाल क्षमतेच्या दहा टक्के तरी मोकळे राहतील असा कॅम्पर निवडा, कारण राहायला लागल्यावर सामान वाढतच जातं.

मागचा भाग खाली बसतो म्हणून एअरबॅग किंवा जादा पाटे बसवतात. त्याने गाडी सरळ दिसते आणि डोलणं कमी होतं, पण वाहून न्यायची क्षमता एका किलोनेही वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, चाकं, ब्रेक तेच राहतात. टायर मात्र जरूर तपासा. लाइट ट्रक प्रकारचे, ‘लोड रेंज ई’ या जड भाराच्या श्रेणीचे टायर लागतात. त्यांचा कमाल भार साधारणपणे 80 पीएसआय हवेला धरलेला असतो आणि ही हवा टायर थंड असताना मोजायची असते. गाडी चालल्यावर टायर तापून हवा वाढते, ती वाढ अपेक्षितच आहे. ती कमी करायला हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावतो. टायर फुटण्याचं मोठं कारण जास्त भार आणि कमी हवा हेच असतं.

वजनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे ते कुठे पडतं. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते. कॅम्पर बसल्यावर ही खूण मागच्या एक्सलच्या पुढे यायला हवी. ती मागे गेली तर पुढची चाकं हलकी होतात, ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग ऐकत नाही आणि वारा आला की गाडी भरकटते. आखूड हौद्याच्या गाडीवर लांब हौद्यासाठीचा कॅम्पर चढवला की नेमकं हेच होतं. याची खात्री काट्यावर होते. महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात आणि ते प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं सांगतात. आधी नुसती गाडी तोला, मग कॅम्पर चढवून सगळं सामान भरून तोला. पुढच्या एक्सलचा आकडा आधीपेक्षा कमी झाला असेल, तर भार एक्सलच्या मागे पडतो आहे. जड सामान पुढे, केबिनच्या बाजूला आणि जमिनीलगत सरकवा. तरीही फरक पडला नाही, तर ती जोडी जुळत नाही असं समजा.

कॅम्पर चढवणं

सपाट आणि टणक जागा हवी. डांबर तापलेलं असेल किंवा माती असेल तर कॅम्परच्या चार कोपऱ्यांवरच्या प्रत्येक जॅकखाली जाड फळी ठेवा. हौद्यात रबरी मॅट अंथरा, ती नसेल तर ब्रेक मारताना प्लास्टिकच्या लायनरवरून कॅम्पर घसरतो. फाळका काढा आणि त्यात कॅमेऱ्याची वायर असेल तर तिचं टोक टेपने झाका.

चारही जॅक थोडेथोडे, पाळीपाळीने वर न्या. एकच कोपरा बराच उचलला तर सगळं वजन तिरपं होऊन जॅकच्या बुडाला पीळ पडतो. गाडीच्या केबिनवर येणारा, पलंग असलेला पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित वर ठेवायचा. कॅम्परचं बूड हौद्याच्या तळापेक्षा पाच ते आठ सेंटिमीटर वर आलं की गाडी क्लचच्या किंवा ब्रेकच्या आधाराने अगदी हळू मागे घ्या. एक माणूस मागे उभा राहून दोन्ही चाकांच्या कमानी बघेल, दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर जागा हवीच. मागे जोडचाकं असलेली गाडी असेल तर पुढचे जॅक बाहेर फिरणाऱ्या ब्रॅकेटवर लागतात, नाहीतर रुंद चाकं त्यांना धडकतात.

कॅम्पर हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकला की इंजिन बंद, हँडब्रेक वर. मग जॅक पुन्हा पाळीपाळीने खाली आणा. पलंगाचा भाग आणि गाडीचं छत यांच्यात दहा-बारा सेंटिमीटर अंतर राहिलंय का, हे हात घालून बघा. खडबडीत रस्त्यावर स्प्रिंग दबले की हे अंतर कमी होतं.

बांधण्यासाठी चार टर्नबकल, म्हणजे फिरवून ताणायचे हूकवाले जोड, असतात. पुढची दोन पुढच्या दिशेने, मागची दोन मागच्या दिशेने तिरपी ओढतात, त्यामुळे कॅम्पर दोन्हीकडे सरकत नाही. त्यांचे खालचे हूक चासीला जोडलेले असणं सर्वांत चांगलं. हौद्याच्या पातळ पत्र्याला, विशेषतः ॲल्युमिनियमच्या हौद्याला बांधलं तर पत्रा फाटतो. स्प्रिंग असलेली टर्नबकल घ्या, कारण चालत्या गाडीत हौदा आणि चासी थोडे पिळतात आणि कडक साखळी तो पीळ कोपऱ्यांवर टाकते. बांधून झाल्यावर चारही जॅक पूर्ण वर घ्या. वीस किलोमीटरवर थांबून टर्नबकल बघा, पुन्हा ऐंशी किलोमीटरवर बघा, आणि त्यानंतर रोज सकाळी निघण्यापूर्वी हात लावा. पहिल्या दिवशी ती हमखास सैल पडतात, कॅम्पर मॅटवर बसत जातो म्हणून.

निघण्याआधी आणखी दोन कामं करा. मागे वजन आल्याने हेडलाइट वर उचलले जातात, त्यांचा रोख खाली करा. एसी धरून जमिनीपासून एकूण उंची मोजून तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाची छपरं आणि झाडांच्या फांद्या यांच्यापुढे आठवणीवर विसंबून चालत नाही.

वीज

फ्रिजपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त तोच खातो. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला सुमारे 40 अँपिअर-तास घेतो. थंडीत हीटरचा पंखा 4 अँपिअरने रात्रभरात सहा तास चालला तर 24, दिवे-पंप-पंखा 10, लॅपटॉप-फोन 20. बेरीज 94. दोनशे अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटऱ्यांवर हे दीड-दोन दिवस निभतं. शिशाच्या बॅटऱ्यांतून निम्मंच वापरायचं असतं, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी त्यांचं वजन कितीतरी पट होतं, आणि वजन आपल्याला परवडत नाही.

छपरावर सपाट बसवलेलं 200 वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 50 ते 60 अँपिअर-तास देतं, हिवाळ्यात निम्म्याहून कमी. रोज गाडी चालवणाऱ्याला गाडीच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा 30 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर जास्त उपयोगी आहे. तीन तास गाडी चालली की जवळपास 90 अँपिअर-तास जमा होतात. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. ट्रेलरच्या सात पिनांच्या सॉकेटमधली वायर बारीक असते, तिच्यातून फार थोडा करंट पोचतो. त्यासाठी वेगळी, 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ओढा आणि गाडीच्या आणि कॅम्परच्या, दोन्हीकडच्या बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज लावा. फ्यूजची क्षमता चार्जरच्या पुस्तिकेत असते, बहुधा 60 अँपिअर. फ्यूज बॅटरीपासून लांब असेल, तर मधल्या केबलचं आवरण घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही.

लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की कायमची खराब होते. ती बाहेरच्या कप्प्यात नव्हे, तापणाऱ्या भागात ठेवा.

गॅस आणि ओल

प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसचा अलार्म फरशीजवळ आणि कार्बन मोनॉक्साइडचा झोपण्याच्या उंचीला. दोन्हींवर मुदत छापलेली असते, ती संपली की बदलायचे. रस्त्याचे हादरे जोड ढिले करतात, त्यामुळे महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह उघडून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. मिनिटभर नजर हलवू नका: छोटी गळती असेल तर आधी फेस थोडा सरकतो, मग एकच बुडबुडा फुगत जातो. चालवताना सिलिंडर बंद ठेवणं उत्तम. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांसारख्या काही ठिकाणी गॅस नेण्यावर बंधनं आहेत, मार्ग आखताना ती बघून घ्या.

प्रोपेन जळला की पाणी तयार होतं: एक किलो गॅसमागे सुमारे 1.6 किलो वाफ. शेगडी पेटवून खोली तापवली तर ही सगळी वाफ आत राहते आणि प्राणवायू संपत जातो, म्हणून शेगडीचा हीटर करायचाच नाही. धूर बाहेर सोडणारा बंदिस्त हीटरच वापरा. स्वयंपाकाच्या वाफेच्या जोडीला दोन माणसांचा रात्रभराचा श्वास आहे. सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं ते दिसतं, पण गादीखालचं दिसत नाही. पलंगाची फळी थंड असते, अंगाची वाफ गादीतून खाली जाऊन तिथे पाणी होते आणि दोन-तीन आठवड्यांत काळी बुरशी धरते. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा पट्ट्या घाला. कितीही थंडी असली तरी छतातली झडप दोन सेंटिमीटर आणि विरुद्ध बाजूची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. गॅस थोडा जास्त जळेल, पण भिंती कोरड्या राहतील.

पाणी आणि मुक्काम

नवी किंवा पडून राहिलेली टाकी वापरण्याआधी दर 15 लिटर पाण्याला 15 मिलिलिटर सुगंध न मिसळलेलं साधं ब्लीच घालून भरा, प्रत्येक नळातून ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास ठेवून रिकामी करा आणि वास जाईपर्यंत धुवा. बाहेरच्या नळाला जोडताना दाब 50 पीएसआयच्या आत ठेवणारा रेग्युलेटर लावा, नाहीतर प्लास्टिकचे जोड भिंतीच्या आत सुटतात. काटकसरीने दोघांना दिवसाला 12 ते 15 लिटर पुरतात. कॅसेट टॉयलेट, म्हणजे टाकी बाहेर काढून रिकामी करायचा संडास, दोन-तीन दिवसांत भरतं. ते आणि सांडपाणी फक्त नेमलेल्या डम्प स्टेशनवरच रिकामं करायचं.

पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याच्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो. सर्वसाधारण नियम 28 दिवसांत 14 दिवसांचा आहे, पण स्थानिक कार्यालय तो बदलू शकतं. राष्ट्रीय वनांमध्ये कोणत्या रस्त्याने गाडी नेता येते, हे वन खात्याच्या मोफत वाहनमार्ग नकाशात असतं. पाऊस पडून गेलेला मातीचा रस्ता दिसला तर आधी पायी चालून या. तीन-चार टन वजनाची गाडी रुतली की साध्या दोरीने निघत नाही. डोंगर उतरताना गिअर आधीच खाली आणा, ब्रेक तापून वास येण्याची वाट बघू नका.

छप्पर दर तीन महिन्यांनी तपासा. पाणी शिरतं ते झडपांच्या, पॅनेलच्या पायांच्या आणि कोपऱ्यांच्या जोडांतून. आतून पलंगाच्या पुढच्या कोपऱ्यांवर अंगठा दाबून बघा. लाकडी सांगाडा असेल आणि भिंत दबली, तर आतलं लाकूड कुजायला लागलंय. बाहेर सीलंटला केसाएवढी चीर दिसली तरी ती जागा पुसून, सुकवून, छपराच्या प्रकाराला चालणारं स्वतःहून पसरणारं सीलंट भरा. तिथे सिलिकॉन लावू नका, कारण पुढच्या वेळी त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही आणि आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं.