लॅबमधल्या आयांचा कट्टा कसा जमवावा

मुलगी सात महिन्यांची असताना मी पुन्हा पेशी वाढवायच्या खोलीत उभी राहिले. पेशींना वेळेवर खाऊ लागतो, तिलाही. त्या ओढाताणीत आम्ही पाच जणींनी पुण्यात पाषाणला कट्टा सुरू केला.

चार ते सहा जणी पुरे. एकाच साहेबाच्या हाताखालच्या दोघी नकोत, जीभ सुटत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, डब्याच्या वेळेत भेटा. संध्याकाळची वेळ ठेवलीत तर कट्टा पाळणाघराच्या घड्याळावर चालेल.

प्रत्येकीला बारा मिनिटं, गजर लावून. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. हेच अवघड! "सासूबाईंना बोलाव की" हे ओठांवर येतंच. ते गिळा आणि विचारा: तुला नेमकं काय हवंय? ते कुणाकडे मागायचंय? कधी?

आमच्यातली एक प्रकल्प एकटीनं ओढत होती, पण प्रस्तावावर प्रमुख म्हणून नाव दुसऱ्याचं. साहेबांशी बोलायची तारीख तिनं ठरवली. मग तालीम केली. मी साहेब झाले. पहिल्या तालमीत ती चारदा "सॉरी" म्हणाली. तिसऱ्यांदा एकदाही नाही.

पाळणाघर मागायला जाताना मात्र कायद्याचा कागद हातात ठेवा. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते बंधनकारक केलं, दिवसातून चारदा बाळाला भेटायची मुभाही दिली; आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आणि एकटीनं जाऊ नका. आम्ही तिघी गेलो होतो.