डार्विनच्या पत्रावर साल नसेल तर ते कसं काढावं

चार्ल्स डार्विनच्या पुष्कळ पत्रांवर नुसतं ‘डाउन, शुक्रवार’ किंवा ‘१८ जून’ एवढंच असतं, साल नाही. ते काढायचं तर मजकुराआधी पत्ता बघा.

सप्टेंबर १८४२मध्ये तो लंडन सोडून केंटमधल्या डाउन गावी गेला आणि १८८२मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. घर तेच, पण पत्त्यातलं टपालाचं गाव बदलत गेलं: आधी फार्नबरो, साधारण १८५५पासून ब्रॉम्ली, १८६९पासून बेकेनहॅम. चाळीस वर्षांची शोधाशोध इथेच तेरा-चौदा वर्षांवर येते.

मग कॅलेंडर काढा. समजा, पत्रावर ‘ब्रॉम्ली, शुक्रवार, १८ जून’ आहे. १८ जूनला शुक्रवार डाउनच्या काळात १८४७, १८५२, १८५८, १८६९, १८७५ आणि १८८० याच वर्षी आला. ब्रॉम्लीमुळे उरतात १८५८ आणि काठावरचं १८६९. पण जून १८६९मध्ये तो कुटुंबासह वेल्समध्ये बार्मथजवळ मुक्कामाला होता. म्हणजे १८५८. त्याच्या मुक्कामांची यादी हाताशी असल्याशिवाय हे काम करूच नये.

वार एकटाच असेल तर कागद उजेडासमोर धरा. जलचिन्हात, म्हणजे कागदात उमटवलेल्या वॉटरमार्कमध्ये, कधीकधी साल असतं. मात्र कागद घरात पडून राहतो, म्हणून पत्र त्या सालाच्या आधीचं नाही एवढंच त्यावरून ठरतं. काळी किनार म्हणजे घरात सुतक: वडील नोव्हेंबर १८४८मध्ये गेले, मुलगी ॲनी एप्रिल १८५१मध्ये.

पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलेल्या सालावर विसंबू नका. ते बरेचदा नंतर दुसऱ्या कुणी अंदाजाने घातलेलं असतं, आणि एक चुकलं की त्याच्या आधाराने लावलेली आणखी चार पत्रं चुकतात. अक्षर वेगळं दिसलं म्हणून पत्र खोटं ठरवू नका. तब्येत बिघडली की तो बायकोला, एमाला, मजकूर सांगून लिहून घेई.

हे पत्र कशाचं उत्तर आहे ते शोधताना एक अडचण येते. साधारण १८६२पर्यंत तो आलेली पत्रं तारेच्या काट्याला टोचून ठेवी आणि काटे संपले की काही वर्षांची पत्रं एकदम जाळून टाकी. काही कापून विषयवार पाकिटांत घाली, त्यात तारखेचा वरचा तुकडा जाई. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरने मात्र डार्विनची पत्रं जपली, म्हणून जुळणी तिथून सुरू करावी.

काढलेलं साल चौकटी कंसात लिहा आणि कारण शेजारीच नोंदवा: पत्ता, वार की कागद.