आतड्याच्या प्रत्यारोपणानंतरची स्कोपी: या चुका टाळा

किडनी बदललेल्या पेशंटचं क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते सांगणारा रक्तातला घटक) पाहिलं की बरंच काही कळतं. लहान आतड्यासाठी इतका भरवशाचा रक्ततपास अजून नाही. म्हणून तर पोटावर स्टोमा ठेवतात, म्हणजे आतड्याचं तोंड बाहेर काढून त्यावर पिशवी लावतात. त्यातून स्कोप (कॅमेऱ्याची नळी) घालून नव्या आतड्याचे बारीक तुकडे तपासणीसाठी काढायचे, म्हणजेच बायोप्सी. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा-दोनदा, मग हळूहळू अंतर वाढवत.

‘आता बरं वाटतंय, या खेपेला राहू दे’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रिजेक्शन (शरीराने नवं आतडं नाकारणं) सुरू होताना काहीच त्रास नसू शकतो, आणि ताप-पोटदुखी येईपर्यंत अस्तर सोलवटूनही जातं.

‘स्कोपीत नॉर्मल दिसलं’ म्हणून निर्धास्त होऊ नका. सौम्य रिजेक्शनमध्ये आतले मखमली अंकुर छान दिसतात, पण बायोप्सीत मरणाऱ्या पेशी सापडतात. दहा क्रिप्ट्समागे (अस्तरातल्या बारीक खळग्यांमागे) अशा सहा किंवा जास्त दिसल्या, तर पॅथॉलॉजिस्ट रिजेक्शनकडे बोट दाखवतात. रिजेक्शन सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे एकाच तुकड्यावर भागत नाही. स्टोमाच्या तोंडाशी तर नुसत्या घर्षणानेही सूज असते. तुकडे आतून घ्यायला हवेत. आणि तुकडा नव्या आतड्यातला की मूळच्या, हे डबीवर लिहिलंच नसेल तर पॅथॉलॉजिस्टने काय ओळखायचं?

स्टोमातून एकदम जास्त पाणी जायला लागलं तर घरातली जुलाब थांबवायची गोळी देऊन मोकळं होऊ नका. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते; नोरोव्हायरससारखा संसर्ग असेल तर बहुधा ती दाबणारी औषधं कमी करावी लागतात. म्हणजे उपचार अगदी उलटे! म्हणून शौचाची तपासणी आणि बायोप्सी दोन्ही हव्यात. जुलाबात टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) रक्तातली लेव्हल वाढूही शकते, तेव्हा डोस मनाने बदलू नका. फोनवर ‘पिशवी सारखी भरतेय’ एवढंच सांगून डॉक्टरांना अंदाज येत नाही. मापाच्या भांड्यात ओतून किती मिली ते लिहा, रात्रीचंसुद्धा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्कोपीच्या आधीच सांगा. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन ज्यांचं आतडं गेलं, त्यांच्यापैकी अनेकांना ही गोळी चालू असते. बायोप्सीनंतर पोट दुखलं, फुगलं, उलट्या झाल्या किंवा पिशवीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका.

स्टोमा बंद झाला म्हणजे स्कोपी सुटली, असंही नाही. पुढे गरज पडली की मोठ्या आतड्याच्या वाटेने किंवा तोंडातून जावं लागतं, आणि खालून जायचं तर आदल्या दिवशी पोट साफ करणं आलंच.