मोठ्या बोअरचं किट बसवताय? आधी हेड जुळवा

जुन्या गाडीला मोठ्या बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा) ब्लॉक घातला आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, जुनंच ठेवलं, तर पिस्टन हेडला थडकतो नाहीतर इंजिन नॉक करतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके देतं. जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७० मिमी, ५०० चा ८४. म्हणजे कडेला चौफेर ७ मिमीचा फरक!

उद्यमनगरासारख्या वर्कशॉपच्या भागात लेथवाल्याकडे हेड टाकण्याआधी घरीच एवढं करा:

१. किटसोबतची नवी गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधे बसते ती चकती) हेडवर नीट बसवा आणि तिच्या आतल्या कडेनं बारीक मार्कर फिरवा. रेघेच्या आत हेडचा किती सपाट भाग येतो, म्हणजे पिस्टन कुठे थडकू शकतो, ते लगेच दिसतं.

२. पिस्टनवर, पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही कडांना मऊ सोल्डरिंग तारेचे तुकडे ग्रीसनं चिकटवा. पिन सोडून आडवी तार ठेवली तर पिस्टन डुलतो आणि माप चुकतं.

३. गॅस्केट घालून हेड ठरलेल्या टॉर्कला (घट्टपणाला) कसा. प्लग काढून इंजिन हातानं, सावकाश एक फेरा फिरवा. किक अजिबात मारू नका.

४. हेड उतरवून चेपलेली तार व्हर्नियरनं मोजा. तिची जाडी म्हणजेच पिस्टन आणि हेडमधली फट; ती मी निदान १ मिमी तरी ठेवतो. दोन्ही बाजूंची मापं वेगळी आली तर हेड किंवा ब्लॉक वाकडा बसलाय, आधी तो बघा.

हे सगळं जमलं तरी कॉम्प्रेशन वाढलेलंच असतं, कारण चेंबर (हेडमधली इंधन जळायची पोकळी) तेवढंच आणि बोअर मोठा. म्हणून लेथवाल्याला मार्करची रेघ दाखवूनच चेंबर मोठं करून घ्या. धातू एकदा गेला की परत येत नाही, तेव्हा थोडं थोडं काढायला सांगा.