सायकॉलॉजिकल थ्रिलर मालिका पारखायची कशी?

आधी मालिका सलग बघा. मग शेवट ठाऊक असताना पहिला भाग आणि उलगड्याच्या आधीचा भाग पुन्हा बघा.

अभिनय जोखताना नजर बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर ठेवा. लपवाछपवी करणारं पात्र प्रश्न संपण्याआधीच उत्तराला तयार दिसतं का? ग्लास उचलणारा हात मध्येच थबकतो का? डोळे विस्फारणं, धापा टाकणं म्हणजे भीती नव्हे. आवाज बंद करूनही ताण टिकला, तर त्यात पार्श्वसंगीताचा हात नाही. संकलन, म्हणजे शॉट्सची जोडणी, मात्र तरीही फसवतं: सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या प्रसिद्ध प्रयोगात एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला, की बघणाऱ्यांना त्यात कधी भूक, कधी दुःख दिसे. म्हणून निवाडा विनाकट लांब शॉटवरच करा.

कथानकासाठी कागदावर दोन रकाने आखा: कुणाला काय ठाऊक आहे आणि ते केव्हा कळलं. धक्क्याआधी निदान दोन-तीन खुणा सापडायलाच हव्यात. एकही नसेल, तर लेखकाने रहस्य रचलं नाही, नुसती माहिती दडवली. ‘तो भासच होता’ हा खुलासा तेव्हाच पटतो, जेव्हा आधीच्या प्रसंगांत त्या माणसाशी तिसरं कुणी बोललेलं नसतं आणि त्याच्यापुढचा कप भरलेलाच राहिलेला असतो.