पेशी अडकली, की काप चुकला?

माझ्या पीएचडीतले पाच महिने मेंदूच्या चुकीच्या कापांपायी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ चकत्यांपायी, गेले. न्यूरॉन मायग्रेशनमध्ये, म्हणजे चेतापेशी जन्मल्यावर आपल्या जागी कशा सरकतात याच्या अभ्यासात, नव्याने येणाऱ्यांना मी आधी तेच सांगते.

कॉर्टेक्सचे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचे, न्यूरॉन मेंदूतल्या पोकळीच्या कडेला जन्मतात आणि रेडियल ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींचे लांब धागे धरून वर सरकतात. पंगतीला उशिरा आलेला टोकाला बसतो. इथे उशिरा जन्मलेला आधीच्यांना ओलांडून वर जाऊन बसतो. हा क्रम लागण्यात रीलिन प्रथिनाचा मोठा हात. ते सगळ्यात वरच्या थरातल्या काहाल-रेत्झियस पेशी सोडतात. रीलिन नसलेल्या, झोकांड्या खाणाऱ्या ‘रीलर’ उंदराचं वर्णन १९५१ मध्ये झालं, जनुक सापडायला १९९५ उजाडलं. रीलिन न्यूरॉनला ‘ये’ म्हणतं की ‘थांब’, यावर वाद अजून मिटलेला नाही. पेशीच्या आतली ओढाताण वेगळीच: लिस-१ हे प्रथिन डायनीन या पेशीतल्या मोटरच्या मदतीने केंद्रक पुढे खेचतं. माणसात लिस-१च्या जनुकाची एक प्रत गेली की मेंदूच्या वळ्या नीट पडत नाहीत.

आमचं रोजचं काम म्हणजे इन युटेरो इलेक्ट्रोपोरेशन: गर्भाशयातल्या भ्रूणाच्या मेंदूपेशींत विजेच्या झटक्याने डीएनए घालायचा, एखादं जनुक दाबून बघायला. साधारण साडेचौदा दिवसांची गाभण उंदरीण घ्यायची, भूल द्यायची, आणि भ्रूणाच्या मेंदूतल्या पोकळीत काचेच्या बारीक सुईने हिरवा रंग मिसळलेला डीएनए सोडायचा. आत हिरवी कोर दिसली की सुई नेमकी पोचली. मग चिमट्यासारख्या इलेक्ट्रोडने ३५ व्होल्टचे पाच झटके. डीएनए ऋणभारित, म्हणून धन टोक कॉर्टेक्सच्या बाजूला. सलाइन कोमट ठेवा आणि उघड्या गर्भाशयावर सतत थेंब टाकत राहा. माझे पहिले तीन दिवस याच एका गोष्टीने वाया गेले.

आता ती चूक. जनुक दाबलेले न्यूरॉन अर्ध्या वाटेत, कंट्रोलचे (तुलनेसाठी जनुक न दाबलेले) वर पोचलेले. मी पोस्टरसुद्धा बनवलं! सीनियर ताईने मेंदूच्या नकाशांचा अ‍ॅटलास शेजारी ठेवला आणि विचारलं, “हा काप कुठला गं?” कॉर्टेक्सचा बाहेरचा भाग मध्यरेषेजवळच्या भागाच्या आधी घडतो. माझे कंट्रोल बाहेरचे, प्रयोगाचे काप मध्यरेषेजवळचे. वेगळेपणा जनुकाचा नव्हताच. तेव्हापासून हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या सहज ओळखू येणाऱ्या भागाची खूण धरून एकाच पातळीचे काप घेते आणि मोजायला दुसऱ्याला देते, कोणता गट कुठला हे न सांगता. आणि एकाच आईची तीन पिल्लं म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत.

दुसरा सापळा आरएनएआयचा, म्हणजे जनुकाचा आरएनए नष्ट करून ते दाबण्याच्या पद्धतीचा. न्यूरॉनच्या सरकण्याशी जोडलेलं डबलकॉर्टिन हे जनुक उंदरात पूर्ण काढून टाकलं तर कॉर्टेक्स जवळपास ठीक दिसतं. २००३ मध्ये उंदीरमामाच्या मोठ्या भावंडात, म्हणजे रॅटमध्ये, आरएनएआयने दाबलं तर न्यूरॉन अडकले. प्राण्याचा फरक, भरपाई करणारी दुसरी जनुकं, की चुकून दुसऱ्याच आरएनएवर झालेला मारा? म्हणून आरएनएआयला न सापडणारी त्याच जनुकाची प्रत परत घालून पेशी पुन्हा चालतात का, ते बघितल्याशिवाय मी कुणाच्याच आकृतीवर भुलत नाही, माझ्याही नाही.

या क्षेत्रात पीएचडीला यायचं तर टीआयएफआर, एनसीबीएस या संशोधन संस्थांसाठी जेजीईईबीआयएलएस ही प्रवेशपरीक्षा असते; नेट-जेआरएफ ही फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा हाही एक मार्ग. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या परवानग्यांना महिने लागतात, अर्ज पहिल्याच आठवड्यात लिहायला घ्या. आणि लॅब बघायला गेलात तर कुणालातरी कंट्रोलचे काप दाखवायला सांगा. चांगल्या लॅबमध्ये ते हाताशीच असतात.