पेटीवरचा क्यूआर कोड: छापण्यापूर्वी आणि छापल्यानंतर

आपल्याकडे क्यूआर कोड दिसला की हात आपोआप पैसे भरण्याच्या ॲपकडे जातो, आणि ब्रँडच्या प्रसिद्धीसाठी कोड वापरू पाहणाऱ्याने सर्वांत आधी हीच गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भाजीच्या गाडीपासून पेट्रोल पंपापर्यंत सर्वत्र यूपीआयचे कोड लागलेले असल्यामुळे, मालावर नुसता कोड छापला तर ग्राहक त्याला पैशाचा कोड समजतो, नाहीतर फसवणुकीच्या भीतीने त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून स्कॅन केल्यावर काय मिळेल, हे कोडाखाली एका ओळीत लिहावे. ‘अधिक माहितीसाठी स्कॅन करा’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘हा हापूस कोणत्या बागेतला आणि कधी उतरवला, ते पाहा’ असे लिहिले तर घेणाऱ्याला फोन बाहेर काढावासा वाटतो. कोकणातून थेट पेटी विकणाऱ्या बागायतदाराचेच उदाहरण पुढे घेतले आहे.

कोड बनवण्याआधी तो जेथे नेणार ते पान तयार करावे. बहुतेक जण नेमके उलटे करतात आणि मग कोड संकेतस्थळाच्या मुख्यपानावर सोडून देतात. महाराष्ट्राच्या स्थावर मालमत्ता नियामक संस्थेने, म्हणजे महारेराने, १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक केला, त्यामागचा विचार येथे उपयोगी पडतो: कोडाने त्याच प्रकल्पाच्या माहितीपर्यंत पोहोचवले पाहिजे. पेटीवरच्या कोडानेही त्याच मालाचे पान उघडावे, आणि त्यावर गाव, बाग, काढणीची तारीख, फळ तयार व्हायला लागणारे दिवस आणि फळ खराब निघाल्यास संपर्काचा व्हॉट्सॲप क्रमांक असावा. पान हलके असावे, कारण ते मोबाइलच्या तुटपुंज्या नेटवर्कवरच उघडले जाणार आहे. ॲप उतरवून घेण्याची किंवा मोबाइल क्रमांक देण्याची अट दारातच घातली तर माणूस तेथूनच परततो. क्रमांक हवाच असेल, तर तो कशासाठी हे सांगून स्पष्ट संमती घ्यावी.

आता कोडात भरायच्या दुव्याकडे, म्हणजे त्या पानाच्या वेब-पत्त्याकडे वळू. कोडातील मजकूर वाढला की त्यातील काळ्या-पांढऱ्या घरांची संख्या वाढते. सर्वांत लहान कोड २१ × २१ घरांचा असतो, तर सर्वांत मोठा १७७ × १७७ घरांचा. दोन सेंटिमीटरच्या जागेत २९ घरांची ओळ सहज वाचता येते, पण ५७ घरांची ओळ बसवली तर एकेक घर अवघ्या ०.३५ मिलिमीटरचे उरते. त्यामुळे दुवा आखूड ठेवावा आणि देवनागरीत ठेवू नये: ‘हापूस’ या शब्दातील पाच वर्णचिन्हे दुव्यात सांकेतिक रूपात गेली की त्यांची ४५ अक्षरे होतात. दुवा स्वतःच्याच डोमेनवरचा असावा आणि तेथून ग्राहकाला हव्या त्या पानावर वळवावे. फुकट कोड देणाऱ्या काही सेवा आपला मधला दुवा वापरतात आणि चाचणीची मुदत संपताच तो बंद करतात. तोवर खोके छापून बाजारात गेलेले असतात.

१९९४ मध्ये जपानमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदींसाठी तयार केला, तेव्हा तो मळला किंवा फाटला तरी वाचता यावा अशी सोय त्यात ठेवली. या सोयीच्या, म्हणजे चूक-दुरुस्तीच्या, सर्वोच्च पातळीवर कोडाचा सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी चालतो, आणि मधोमध बोधचिन्ह बसवता येते ते याच जोरावर. तरीही बोधचिन्ह लहानच ठेवावे, कारण पुढे ओरखडे आणि ओल यांनाही त्याच सवलतीतून वाटा द्यायचा असतो. कोपऱ्यांतील तीन मोठ्या चौकोनांना हात लावू नये आणि चारही बाजूंना किमान चार घरांइतकी मोकळी जागा सोडावी. डिझायनर नेमकी तीच जागा नक्षीने भरतात.

छापखान्यात एसव्हीजी (रेषांच्या स्वरूपातील चित्र) किंवा पीडीएफ फाइल द्यावी, व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र देऊ नये. कोड फक्त काळ्या शाईत छापायला सांगावे. चार रंगांच्या मिश्रणातून काळा केला आणि एक रंग जरा सरकला, की घरांच्या कडा धूसर होतात. नालीदार पुठ्ठ्यावर शाई पसरते, म्हणून तेथे कोड तीन-चार सेंटिमीटरचा तरी घ्यावा किंवा वेगळे लेबल चिकटवावे. प्रूफ त्याच पुठ्ठ्यावर काढून घ्यावे आणि जुन्या, स्वस्त फोनने संध्याकाळच्या उजेडात तपासावे. फलकासाठी कोडाची रुंदी अंतराच्या एक दशांश हा ढोबळ हिशेब पुरतो. महामार्गावरच्या होर्डिंगवर मात्र कोड टाकूच नये. गाडी चालवणाऱ्याने तो स्कॅन करावा अशी अपेक्षा तरी कशी धरायची?

कोड म्हणजे अस्सलपणाचा पुरावा, हा समज सोडून द्यावा. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी दुसरीकडचा आंबा त्याच नावाने विकला जातोच, आणि सर्व पेट्यांवर एकच कोड असेल तर त्याची झेरॉक्स कोणीही काढू शकतो. प्रत्येक पेटीला वेगळा क्रमांक द्यावा, तो कितव्यांदा स्कॅन झाला हे पानावर दाखवावे, आणि एकच क्रमांक अनेक शहरांतून येऊ लागला की चौकशी करावी.

पेटी, पत्रक आणि दुकानातील फलक यांसाठी वेगवेगळे दुवे ठेवले, तर कोठून किती जण आले ते कळते. स्कॅनच्या आकड्यावर मात्र भाळू नये. स्कॅन केलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा मागणी नोंदवली, ते मोजावे. जूनमध्ये हंगाम संपला की तोच दुवा आमरसाच्या डब्यांकडे किंवा पुढील वर्षीच्या नोंदणीकडे वळवावा.